जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या इमारतीच्या खिडक्या इतक्या उंचावर का?

मोजपट्टी

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी तंत्रनिकेतनात स्थापत्य हा विषय शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून दरवर्षी एका उभ्या इमारतीचे प्रत्यक्ष मोजमाप करून नकाशे काढून घेतो. आजवर वाडे, मंदिरे, वेशी असे विषय झाले. या वेळी मुद्दाम स्टेशनच्या रस्त्यावरची जुनी टेलिफोन एक्सचेंजची इमारत निवडली. कोनशिलेवर १९७३ हे साल आहे. यंत्रे कधीच निघून गेली, आता तळमजल्यावर एका कोपऱ्यात थोडे कामकाज चालते आणि बाकी दालने कुलूपबंद आहेत. परवानगी काढून आम्ही सलग चार शनिवार आत गेलो.

इमारत दुमजली आहे, वर सपाट गच्ची, दर्शनी भागाला ग्रिटचा गिलावा, रस्त्याकडच्या बाजूला काँक्रीटच्या उभ्या पडद्या आणि जिन्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत सिमेंटची जाळी. इथवर सारे सरळ आहे. परंतु काही गोष्टींचा उलगडा होत नाही.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनाच्या खिडक्या जमिनीपासून सात फुटांवर सुरू होतात, अरुंद आहेत आणि त्यांच्या काचा कायमच्या बसवलेल्या आहेत, म्हणजे उघडण्याची सोयच नाही. या दालनाची उंची चौदा फूट आहे आणि त्याच मजल्यावरच्या शेजारच्या खोल्यांची साडेदहा. पूर्वेची भिंत नुसत्या विटांची आहे. तिला ग्रिट नाही, वर सज्जा नाही, जोत्याची रेघसुद्धा त्या कोपऱ्याशी येऊन एकदम थांबते. मागच्या बाजूच्या एका लहान खोलीला छातीइतक्या उंचीपर्यंत तपकिरी चकचकीत फरश्या लावल्या असून तिची जमीन एका नाळीकडे उतरती आहे. आणि इमारतीच्या केवळ एका भागाखाली जेमतेम सहा फूट उंचीचे तळघर आहे, ज्याच्या भिंतीतून नळ्यांची तोंडे डोकावतात आणि ज्यात आम्हाला घोट्याएवढे पाणी आढळले.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की ही एक सरकारी पेटी आहे, ठरावीक नकाशावरून बांधलेली, हिच्यात मोजण्यासारखे काही नाही. मला ते पटत नाही, परंतु त्यांना उत्तर द्यायला माझ्याजवळ पुरेशी माहितीही नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त दूरसंचारी

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. माझी सारी नोकरी अशाच इमारतींत गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण ज्या दालनाविषयी विचारता ते स्विच रूम, म्हणजे कॉल आपोआप जोडणाऱ्या यंत्रांचे दालन. १९७३ च्या सुमाराची इमारत आणि चौदा फुटांची उंची पाहता ते स्ट्रोजर पद्धतीच्या यंत्रणेसाठी बांधलेले असणार. ही पद्धत आल्मन स्ट्रोजर या अमेरिकन माणसाची. तो अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा व्यवसाय करीत असे. त्याला १८९१ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी ला पोर्ट या गावी पहिले एक्सचेंज सुरू झाले. आपल्याकडे १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि ही यंत्रे देशात बनू लागली.

ग्राहकाने डायल फिरवून सोडली की ती परत येताना जितका अंक तितक्या वेळा वीजप्रवाह तुटतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. तिकडे सिलेक्टर नावाच्या उपकरणाचा दांडा त्या प्रत्येक तुटीसरशी एकेक पायरी वर चढतो, नंतरच्या अंकाला आडवा फिरतो, आणि दहा गुणिले दहा अशा शंभर संपर्कबिंदूंपैकी नेमक्या एकावर जाऊन टेकतो. हे बिंदू पितळी पाकळ्यांसारखे असतात आणि त्यांवर सरकणारे वायपरही तसेच बारीक. त्या दोहोंच्या मध्ये धुळीचा कण आला की बोलणे खरखरते किंवा कॉल लागतच नाही. आपल्या भागात चैत्र-वैशाखात जी वावटळ उठते आणि काळ्या रानाची जी बारीक माती उडते, ती या यंत्राची पहिली शत्रू. खिडक्या न उघडणाऱ्या का, याचे उत्तर हे आहे. स्विच रूमला दुहेरी दारे असत, आम्ही चपला बाहेर काढून आत जात असू आणि झाडू मारण्यास सक्त मनाई होती. जमीन ओल्या फडक्यानेच पुसायची.

उंचीचे कारण रॅक, म्हणजे ही उपकरणे ज्यांवर बसवत त्या उभ्या लोखंडी चौकटी. स्ट्रोजरचे रॅक सुमारे साडेदहा फुटांचे असत आणि त्यांच्यावरून केबल नेणाऱ्या लोखंडी शिड्या आडव्या टांगलेल्या असत. वरच्या ओळीतील सिलेक्टर तपासण्यासाठी रुळांवर सरकणारी शिडी लागे. एवढे सगळे मावून वर गरम हवा साचायला जागा उरावी, म्हणून चौदा फूट.

तपकिरी फरशीची खोली ही बॅटरी रूम. एक्सचेंज पन्नास व्होल्टच्या थेट प्रवाहावर चाले, त्यासाठी दोन-दोन व्होल्टचे पंचवीस शिशाचे सेल एका माळेत जोडलेले असत. त्यांत गंधकाम्ल असे. ते सांडले तर सिमेंट खाऊन टाकते, म्हणून आम्लाला दाद न देणारी फरशी आणि नाळीकडे उतार. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा भिंतीत वरच्या बाजूला बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याचे गोल भोक असेल, जरूर पाहा. माळेचे धन टोक जमिनीला जोडलेले असे, कारण तसे केल्याने जमिनीतील केबल गंजण्याचे प्रमाण कमी राहते. त्यासाठी आवारात मीठ-कोळशाचा खड्डा असे आणि उन्हाळ्यात त्यात नेमाने पाणी ओतणे हे एका माणसाचे ठरलेले काम असे.

तळघर म्हणजे केबल चेंबर. शहरभरच्या केबल रस्त्याखालच्या नळ्यांतून तिथे येतात आणि सरळ वर एमडीएफच्या (मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम, म्हणजे तारा जोडण्याची मुख्य चौकट) खोलीत चढतात, जिथे प्रत्येक ग्राहकाची तारांची जोडी त्याच्या क्रमांकाशी बांधलेली असते. त्याखालीच तळघर का आणि इतरत्र का नाही, हे यावरून कळेल. पाण्याबद्दल मात्र वाईट वाटले. नळ्यांची तोंडे नीट बुजवलेली असती तर ते आले नसते.

पूर्वेच्या भिंतीविषयी एक सुचवतो. तिच्या दोन्ही टोकांना कॉलम भिंतीच्या रेषेबाहेर डोकावतात का, बीमच्या टोकांतून गज बाहेर सोडले आहेत का, ते पाहा. ती भिंत तात्पुरती असावी. ग्राहक वाढले की ती पाडायची, दालन पुढे न्यायचे आणि रॅकच्या रांगा होत्या तशाच पुढे वाढवायच्या, आणि हे सारे एक्सचेंज एक मिनिटही बंद न करता. आमच्याकडे टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी असे. वाढ होणार हे गृहीत धरूनच इमारत आखली जाई.

वास्तुरेखा

काकांनी यंत्राची बाजू इतकी स्पष्ट केली आहे की मी फक्त स्थापत्यापुरते बोलते. मी छत्रपती संभाजीनगरला वास्तुविशारद म्हणून काम करते.

पहिले म्हणजे, ठरावीक नकाशावरून बांधलेली इमारत स्थापत्य ठरत नाही, हे मत मला मान्य नाही. डाक-तार खात्याची बांधकामे आधी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग करीत असे आणि १९६३ मध्ये खात्याने स्वतःचा स्थापत्य विभाग उभारला. स्वातंत्र्यानंतरच्या या सरकारी कार्यालयांत काम करणारी मंडळी सामान्य नव्हती. दिल्लीचे डाक-तार भवन ज्यांनी रेखाटले ते हबीब रहमान अमेरिकेत वाल्टर ग्रोपियस या नामवंत आधुनिक वास्तुविशारदाच्या हाताखाली काम करून आलेले होते, आणि परतल्यावर त्यांनी आपले बहुतेक आयुष्य सरकारी नोकरीतच काढले. थोडके सिमेंट, थोडके पोलाद, नक्षीला पैसा नाही आणि देशभर इमारती हव्यात, अशा परिस्थितीत त्या पिढीने जी भाषा घडवली ती लहान गावांच्या एक्सचेंजपर्यंत पोचली. रस्त्याकडच्या ज्या उभ्या पडद्या आपण मोजल्या, त्यांचे मूळ वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी चंडीगढच्या उच्च न्यायालयासाठी योजलेल्या ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या चौकटींशी जोडता येते.

मराठवाड्यात या भाषेला आणखी एक अर्थ होता. हैदराबाद संस्थानाचे टपाल खाते वेगळे होते, तिकिटेही वेगळी होती, आणि १९५० मध्ये ते भारतीय खात्यात सामावले गेले. त्याआधीच्या आमच्याकडच्या सरकारी इमारती म्हणजे जाड दगडी भिंती, चुना, कमानी आणि पुढे ओसरी. अशा गावात एकही कमान नसलेली, सरळ रेषांची, काँक्रीटच्या सांगाड्यावर उभी असलेली इमारत येणे, ही त्या काळी लोकांना जाणवलेली गोष्ट असणार.

जगभर याच प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. लंडनच्या पोस्ट ऑफिस टॉवरने, जो १९६५ मध्ये सुरू झाला, मायक्रोवेव्हच्या थाळ्या उघड्यावर मिरवल्या आणि वरच्या मजल्यावर लोकांसाठी फिरते उपाहारगृहही दिले. न्यूयॉर्कमध्ये जॉन कार्ल वॉर्नेक यांनी १९७४ मध्ये पूर्ण केलेली टेलिफोन कंपनीची इमारत सुमारे १६७ मीटर उंच आहे आणि तिला खिडकी अशी नाहीच. तिचे मजले अठरा फुटांचे आहेत. आपल्या चौदा फुटांच्या दालनाची ती थोरली बहीण म्हणायला हरकत नाही, कारण दोघींच्या उंचीचे माप यंत्राने ठरवले आहे.

तरीही सगळेच यंत्राने ठरवले असे मी म्हणणार नाही. जिन्याला जाळी लावण्याची यंत्राला काही गरज नव्हती. तिथे माणसे चढतात-उतरतात, त्यांना वारा मिळावा, पावसाची झड आत येऊ नये आणि दुपारच्या उन्हाची सावली पायऱ्यांवर तुकड्यातुकड्यांनी पडावी, हा विचार कुणीतरी केला आहे. जाळीचा एक ठोकळा काढून त्याचा नकाशा पूर्ण मापाचा करून घ्या. अशा ठोकळ्यांचे लाकडी साचे जागेवरच स्थानिक सुतारांकडून बनवून घेतले जात, त्यामुळे गावागणिक त्यांत फरक आढळतो.

रात्रपाळीची लेक

मी स्थापत्य जाणत नाही, परंतु माझी आई मराठवाड्यातल्याच एका अशा एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देणारी, होती आणि माझे लहानपण त्या आवारात गेले, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

सरांनी स्विच रूमबद्दल विचारले, परंतु त्याच मजल्यावरच्या साडेदहा फुटी खोल्यांकडे पुन्हा एकदा पाहावे असे मला वाटते. आईच्या एक्सचेंजमध्ये ट्रंक रूमला मोठ्या, उघडणाऱ्या खिडक्या होत्या, खिडकीला कठडा होता आणि छताला बारीक भोके असलेले पांढरे तक्ते लावलेले होते. आई सांगे की ते आवाज शोषून घेण्यासाठी आहेत, कारण आठ-दहा बायका एकाच वेळी कानाला हेडफोन लावून "परभणी, परभणी, औरंगाबाद बोलतंय" असे म्हणू लागल्या तर एकीचे दुसरीच्या कानात जाई. समोरच्या बोर्डावर दिवा लागला की दोरीचा प्लग उचलून खाचेत घालायचा, चिठ्ठीवर वेळ लिहायची आणि तीन मिनिटे झाली की मध्ये बोलून विचारायचे. अर्जंट कॉलला दुप्पट पैसे पडत, आणि मृत्यूची बातमी द्यायची असेल तर माणसे दुप्पट पैसे मोजूनही पुढे तास-तासभर खालच्या हॉलमध्ये बाकावर बसून राहत.

ट्रंक रूमला लागून एक छोटी खोली होती. तिच्यात दोन लोखंडी खाटा, एक आरसा आणि न्हाणी होती आणि तिला आतून कडी होती. रात्री अकरा वाजता पाळी संपली तर घरी कसे जायचे, म्हणून ती. आमच्या गावात बायकांसाठी आतून कडी असलेली सरकारी खोली मी दुसरी पाहिली नाही. आपल्या नकाशावर ती "भांडारगृह" म्हणून लागली असेल तर कृपया एकदा तपासून घ्यावे.

पायाभरणी

मी संरचना अभियंता आहे. थोडक्यात दोन मुद्दे मांडतो, कारण पुढेमागे या इमारतीचे काय करायचे हा प्रश्न येणारच.

स्विच रूमची जमीन रॅकच्या वजनासाठी आखलेली असते, त्यामुळे ती घराच्या किंवा साध्या कार्यालयाच्या जमिनीपेक्षा बरीच सक्षम असते. भारतीय मानकाप्रमाणे घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, तर ग्रंथालयातील पुस्तकांच्या मांडण्यांसाठी सुमारे ६०० किलो. बहुतेक जुन्या इमारती ग्रंथालयासाठी इथेच नापास होतात. आपले दालन कदाचित होणार नाही. परंतु मूळ संरचनेचे नकाशे मिळाल्याशिवाय किंवा प्रत्यक्ष भारचाचणी घेतल्याशिवाय ते गृहीत धरू नये.

दुसरा मुद्दा भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता, आणि २००२ मध्ये मानकांची सुधारणा झाल्यावर तो तिसऱ्यात आला. लवचीक सळईजोडणीचे, म्हणजे भूकंपात सांगाडा एकदम न तुटता वाकावा अशा सळयांच्या रचनेचे, स्वतंत्र मानकही १९९३ मधलेच आहे. म्हणजे १९७३ च्या सांगाड्यात कॉलम-बीमच्या सांध्याशी रिंगा (मुख्य सळयांना वेढणारी कडी) विरळ असण्याची दाट शक्यता आहे. त्यात पूर्वेची विटांची भिंत तात्पुरती असेल तर ती सांगाड्याशी नीट बांधलेली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. शिवाय तळघरातले पाणी. आपल्या भागातली काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते, तेव्हा पाया मुरमात पोचला आहे की नाही हे कळेपर्यंत ते पाणी साचू देणे बरे नाही.

वेशीजवळचा

सर्वांचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. मी याच प्रकारच्या एका इमारतीसमोर तीस वर्षे दुकान चालवले. तिच्या रस्त्याकडच्या बाजूला बसायला ओटा नाही, सावली नाही, दार बाजूला आणि आत. बिल भरायला आलेली माणसे भर उन्हात माझ्या दुकानाच्या सज्जाखाली उभी राहत. इमारत यंत्रासाठी चांगली असेल, परंतु रस्त्यासाठी ती चांगली नव्हती, आणि जतन करताना हे दुरुस्त व्हावे असे मला मनापासून वाटते.

वास्तुरेखा

वेशीजवळचा यांचे म्हणणे रास्त आहे आणि या साऱ्या काळाच्या स्थापत्यावरचा हा सर्वांत खरा आक्षेप आहे. यंत्राचा आणि आतल्या माणसांचा विचार झाला, दारात थांबणाऱ्याचा कमी झाला. मूळ दर्शनी भागाला हात न लावता कुंपणाच्या रेषेत ओटा आणि झाडे देता येतील. मोजपट्टी सरांनी नकाशात समोरचा रस्ता आणि दुकानांचे सज्जेही दाखवावेत, अशी विनंती.

मोजपट्टी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा जाऊन आलो आणि जे पाहिले ते लिहितो.

बॅटरी रूममध्ये पंख्याचे गोल भोक आहे, नंतर ते विटांनी बुजवलेले आहे. पूर्वेच्या दोन्ही कॉलमच्या बाहेरच्या अंगाला, बीमच्या पातळीवर, गंजलेल्या गजांची टोके हातभर बाहेर आलेली आहेत. खालून ती झाडाच्या फांद्यांत दडलेली असल्यामुळे आम्हाला आधी दिसली नव्हती. पायाभरणी सरांच्या सूचनेप्रमाणे तळघरातले पाणी उपसण्याविषयी अर्ज दिला आहे आणि तोवर मुलांना त्या विटांच्या भिंतीपासून लांब ठेवले आहे. ताई, आपण सांगितलेली खोली सापडली. आम्ही तिला खरोखरच "भांडारगृह" लिहिले होते. दाराला आतून कडी आहे, आणि आरसा नसला तरी त्याचे चार खिळे भिंतीत आहेत. नकाशावर आता "महिला ऑपरेटर विश्रांतीगृह" असे लिहिले आहे.

एक गोष्ट मुलांनी स्वतः शोधली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. स्विच रूमच्या मोझॅक फरशीवर ठरावीक अंतराने सिमेंटने बुजवलेली लहान भोके आहेत. आम्ही आधी ती फरशीची दुरुस्ती समजून सोडून दिली होती. एका मुलीने ती सगळी मोजून कागदावर उतरवली तेव्हा उत्तर-दक्षिण अशा नऊ रांगा तयार झाल्या. हे रॅकचे बोल्ट. मग तिने उत्तरेच्या भिंतीवरच्या खिडक्या त्याच कागदावर बसवल्या. प्रत्येक खिडकी दोन रांगांमधल्या वाटेच्या बरोबर मध्यावर येते, एकही चुकत नाही. म्हणजे सात फुटांवरून येणारा उजेड रॅकच्या अंगावर न पडता, जिथे शिडी घेऊन माणूस उभा राहणार होता तिथेच उतरत असे. रांगांमधले अंतर सगळीकडे सारखे आहे. तेच अंतर आम्ही नवव्या रांगेच्या पुढे धरले तर दहावी रांग पूर्वेच्या भिंतीच्या पलीकडे, आज जिथे कडुनिंब उभा आहे, तिथे येते.